तरीपर्यंत जाणारी हाक

खारवाडी, पो. दिघी
१२ फेब्रुवारी १९६१

चि. कोंडाजी यास मोरूचे आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. तुझी आक्का हिंडतीफिरती झाली. गळ्यातली गाठ काढली तिथली जखम भरली. श्वासासाठी ठेवलेल्या भोकावर ती पांढरा फडका बांधते आणि परळच्या डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नळी रोज उकळून घेते. आवाज काही येणार नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं, त्यामुळे त्याची वाट कुणी पाहत नाही. गोदूला पाचवं सरत आलं. मामा कधी येणार म्हणून विचारते.

तुझ्याकडे एक काम आहे. माझी हवाईयन गिटार तुला ठाऊक आहे. गोदीत कामाला होतो तेव्हा माझगावच्या गोवेकर शेजाऱ्याकडून घेतलेली, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवायची ती. तिचा आवाज फार लहान आहे. पडवीत वाजवली तर अंगणापलीकडे जात नाही. तिला लावायला एखादा अँप्लिफायर पाहशील का? नवाच पाहिजे असं नाही, स्वस्तातला चालेल. मात्र इथे वीज नाही हे धरून चाल. ट्राममधून उतरलास की दोनचार दुकानांत विचार, एवढंच.

तुझा,
मोरू

मुंबई
२६ फेब्रुवारी १९६१

ती. दाजी यांस कोंडाजीचा नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचून विश्वास बसला नाही. माझ्या आक्काचा आवाज गेला आणि तुम्हाला तुमचा मोठा करायचा आहे.

तुम्ही मोठे आहात, मी बोलू नये. पण आई गेल्यावर मला आक्काने वाढवलं. तिन्हीसांजेला दारात उभी राहून ती "कोंडूऽऽ" म्हणून हाक मारायची, ती नदीपलीकडच्या खळ्यात ऐकू यायची. पोरं म्हणायची, तुझ्या बहिणीच्या गळ्यात शिंग आहे. खेळ कितीही रंगात आलेला असो, ती हाक आली की माझे पाय आपोआप घराकडे पळायचे. तो गळा डॉक्टरांनी कापला तेव्हा दाराबाहेर बाकड्यावर मीच बसलो होतो. आणि आता त्याच घरात तुम्ही संध्याकाळी सिनेमाची गाणी वाजवणार, तीही साऱ्या वाडीला ऐकू जातील अशी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. त्या पैशात तिला दूध लावा.

दुकानांत विचारायला मला वेळ नाही. गोदूला मुका.

कोंडाजी

खारवाडी
१४ मार्च १९६१

चि. कोंडाजी यास आशीर्वाद.

तुझं पत्र आक्काला वाचून दाखवलं. ती हसली. हल्ली हसते म्हणजे खांदे तेवढे हलतात. मग तिने पाटी घेतली आणि लिहिलं, "त्येला खरं सांगा." मी तिला अक्षरं शिकवली आहेत, बोलायचं ते ती पाटीवर लिहिते. म्हणून सांगतो. आधीच सांगायला हवं होतं, पण माझ्या लेखणीला असलं लवकर सुचत नाही.

पौषात एका दुपारी गोदू आगरदांड्याहून येणारी तर, म्हणजे माणसांची होडी, बघायला एकटीच धक्क्यावर गेली. भरती चढत होती. खालच्या पायऱ्या शेवाळाने भरलेल्या, आणि ती एकेक पायरी उतरत होती. आक्काला हे दारातून दिसत होतं. तिने तोंड उघडलं. हाक मारायची सवय, तोंड उघडलं की आवाज येणार असंच तिला वाटलं. काही आलं नाही. तिने थाळी बडवली, पण वारा उलटा होता. मग ती धावली, आणि भोकातून धाप लागून वाटेतच बसली. शेजारची बायजा जाळी वाळत घालत होती, तिने पोरीला दंडाला धरून वर ओढलं. पोर भिजलीसुद्धा नाही. पण तुझी आक्का चार दिवस जेवली नाही.

पुढे एकदा मी गिटार पुसत होतो, ती येऊन शेजारी बसली. माझ्या हातातून कांडी घेतली आणि तारेवर हळूहळू सरकवून पाहू लागली. बाजाच्या पेटीवर सूर पायरी-पायरीने चढतो, इथे तो माणसाच्या गळ्यासारखा न तुटता वर जातो आणि खाली येतो. दोन-तीन दिवस तिचं तेच चाललं होतं. आणि एकदा मी मागल्या दारी असताना मला "गोदूऽऽ" ऐकू आलं. तुझी ती हाक, कोंडाजी. खालून उठून वर जाऊन जरा थांबणारी आणि शेवटी किंचित उतरणारी. गोदू न्हाणीतून ओल्या अंगाने पळत आली आणि म्हणाली, "काय गं आये?"

तेव्हापासून गिटार मी वाजवत नाही, तीच वाजवते. ती हाक फणसाच्या झाडापर्यंत जाते. धक्क्यापर्यंत जात नाही. मला अँप्लिफायर हवा आहे तो तेवढ्यासाठी.

मोरू

मुंबई
९ एप्रिल १९६१

दाजी, कान पकडतो. समोर असतो तर पाय धरले असते.

रोज ड्यूटी सुटली की लॅमिंग्टन रोड पालथा घालतो. दुकानदार आता मला बघून आपण होऊन "आज नाही" म्हणतात. काय काय पाहिलं ते ऐका. काचेच्या कपाटातला नवा अँप्लिफायर फार देखणा, पण तीनशेच्या वर, आणि विजेशिवाय मुका. तो तुमच्याकडे देव्हाऱ्यात ठेवायच्या कामाचा. दुसरा म्हणजे बॅटरीवरचा रेडिओ घ्यायचा आणि त्याच्या मागच्या भोकांत गिटारीची वायर खोचायची. स्वस्त पडतो, पण आवाज खोलीपुरता. तिसरा लग्नाच्या मांडवातला, जुना मिळतो आहे, मोटारीच्या बॅटरीवर चालतो, वर पितळी कर्णा. आवाज थेट आगरदांड्याला जाईल. मात्र बॅटरी दर आठवड्याला म्हसळ्याला नेऊन भरून आणावी लागेल, आणि कर्ण्यातून सूर येतो तो डबा बडवल्यासारखा.

माझं मत कर्ण्याकडे आहे. पोरीच्या जिवाशी गाठ आहे, तिथे गोडव्याचं काय घेऊन बसायचं? आक्काला विचारा आणि कळवा.

कोंडाजी

खारवाडी
२ मे १९६१

कोंडू,

ह्यो कागद मीच लिव्हलाय. ह्यांनी फकस्त पत्ता घातला. हसू नको, अक्षर कोंबडीच्या पायावानी हाय.

कर्णा नको. त्येची बाट्री न्ह्यायला ह्यांचा दिस मोडंल, त्ये येक. पर खरं सांगते. गोदू ल्हान हाय. माझा गळा व्हता त्यो तिला याद ऱ्हानार न्हाय. आत्ताच ती माझं जुनं बोलनं इसरली. तिच्या आयचा आवाज म्हंजे ह्या तारंतला, ह्योच तिला मोठेपनी आठवनार. त्यो पत्र्याचा नसावा. जरा कमी ग्येला तरी चालंल, पर गोड असावा. माझा व्हता तसा. तुला ठावं हाय कसा व्हता त्यो. तूच ऐकून घे.

दूध पिते. जेवत जा. लगीन कवा करतोस?

तुजी आक्का

मुंबई
११ जून १९६१

दाजी आणि आक्का यांस नमस्कार.

आक्काचं पत्र खिशात घालून हिंडतो. तिकिटांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलं आहे. घाम लागून शाई पसरायला लागली म्हणून आता तेलकागदात गुंडाळलं.

काम झालं. बाळाजी म्हणून एक म्हसळ्याकडचाच माणूस सापडला, रेडिओ दुरुस्त करतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, काचेच्या व्हॉल्व्हचं सोडा, आता ट्रान्झिस्टर म्हणून चिंचोक्याएवढी वस्तू निघाली आहे, तिला टॉर्चचे मोठे सेल पुरतात. सेल दिघीच्या दुकानातसुद्धा मिळतील. त्याने सागाच्या फळ्यांची पेटी केली, मोठ्या रेडिओतला जुना स्पीकर, पितळी कर्णा नव्हे, कागदी, तो आत बसवला, आणि तारांचा आवाज पेटीत नेणारा, गिटारीवर स्क्रूने लावायचा पिकअपही दिला. सगळं मिळून कपाटातल्या त्या देखण्याच्या निम्म्यात.

ऐकून घे म्हणाली होतीस ना आक्का, ऐकलं. चाळीच्या गच्चीवर बाळाजीने कुणाचीशी गिटार आणून लावली. मी रस्ता ओलांडून पार समोरच्या वखारीशी उभा राहिलो. त्याला म्हटलं होतं, गाणं वाजवू नकोस, नुसती कांडी खालून वर ने आणि शेवटी थोडी उतरव. त्याने नेली. वखारीतला हमाल मला विचारत होता, काय झालं म्हणून. मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

पेटी माझ्या खाटेखाली आहे. आता बोटी बंद झाल्या, म्हणून गौरीला मी येईन तेव्हा घेऊनच येतो.

कोंडाजी

खारवाडी
९ जुलै १९६१

चि. कोंडाजी यास आशीर्वाद.

लावणी उरकत आली. गौरीपर्यंत थांबू नकोस. यंदा अधिक जेठ आला, त्यामुळे गौरी महिनाभर लांबल्या आहेत. आपल्या वाडीचा अनंता येत्या पंधरवड्यात एसटीने यायचा आहे, त्याच्याकडे पेटी दे. तो जपून आणील.

आक्का बरी आहे. जेवण थोडं कमी झालं आहे, पावसाळ्यात होतं तसं. तू म्हणशील, पावसात गोदू धक्क्यावर जात नाही, मग एवढी घाई कसली? घाई नाही. तरी पण पाठव.

मोरू

मुंबई
२१ जुलै १९६१

दाजी, नमस्कार.

अनंताला परत पाठवला. रागावू नका. एसटीच्या टपावर, या पावसात, खड्ड्यांच्या रस्त्यांवरून पेटी येणार आणि तुमच्या दारात पोचेल ती लोणच्याची बरणी होऊन. बाळाजीच म्हणाला, एकदा पाणी शिरलं की मग माझ्याकडे येऊ नका.

आणि खरी गोष्ट दुसरीच आहे. गौरीचं माहेरचं वाण भाऊ आपल्या हाताने नेतो, दुसऱ्याच्या हाती धाडत नाही. आक्काच्या पहिल्या ओवशाला, लग्नानंतर गौरीपुढे सुपं ओवाळतात त्याला, मी एवढासा होतो. सूप डोक्यावर घेऊन घाटी चढलो, आणि तुमच्या अंगणात येऊन नेमका अडखळलो. सुपातली काकडी गडगडत तुमच्या मातोश्रींच्या पायाशी गेली. आक्का पदरात तोंड घालून हसत होती. यंदा त्याच सुपात पेटी ठेवीन आणि डोक्यावर घेऊन येईन. एवढी वर्षं तिला साडीचोळीपलीकडे मी काही दिलं नाही. ही एक वस्तू मला हाताने देऊ द्या.

दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. रजा आत्ताच टाकून ठेवली.

कोंडाजी

मुंबई
६ सप्टेंबर १९६१

ती. दाजी यांस,

परवा पोचलो. निघताना तुमच्याशी नीट बोललो नाही, म्हणून लिहितो.

तार आली तेव्हा मी ट्रामवर होतो. म्हसळ्याच्या पुढे गाडी नव्हती, चिखलातून चालत आलो, तर अंगणात माणसं बसलेली. तुम्ही तिला माझ्यासाठी ठेवलं होतं. फडका सरकला होता आणि मानेवर पुन्हा आलेली गाठ मला दिसली. दाजी, ती गाठ एका रात्रीत येत नाही. तुम्हाला जुलैत ठाऊक होतं. बायजा म्हणाली, शेवटी पाणीदेखील उतरत नव्हतं. आणि मला तुम्ही लिहिता, पावसाळ्यात जेवण कमी होतं.

नुसतं "ये" लिहिलं असतं तरी आलो असतो. मी इकडे सुपाच्या गोष्टी लिहीत बसलो. अधिक महिना नसता तर गौरी केव्हाच होऊन गेल्या असत्या. मी आलो असतो, पेटी तिच्या पुढ्यात ठेवली असती, तिने एकदा तरी वाजवली असती. हे दिवसभर डोक्यात फिरतं. काल प्रवाशांना चुकीची तिकिटं दिली.

पेटी खाटेखालीच आहे. घाईत आणायची राहिली असं मी तुम्हाला सांगितलं. खोटं सांगितलं. आणवली नाही. तिचं काय करू?

कोंडाजी

खारवाडी
२७ सप्टेंबर १९६१

चि. कोंडाजी यास आशीर्वाद.

तू रागावलास ते बरोबर आहे. तरी ऐक.

गाठ जेठात दिसली. मी तुला लिहायला बसलो तर तिने गोदूच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घातली. पाटीवर लिहिलं, "कोंडू नोकरी टाकून यील. पुन्यांदा त्याच बाकड्यावर बसंल. नको." तुला एकदा तिथे बसलेलं तिने पाहिलं होतं, ते ती विसरली नव्हती. मी शपथ मोडली नाही. पेटी लवकर पाठव एवढंच लिहिलं. तेवढ्यावरून तुला कळावं असं मनातून वाटत होतं. न कळेल असं लिहून कळावं अशी इच्छा धरणं हा माझा मूर्खपणा.

पण सुपाचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझं ते पत्र तिने माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलं. काकडी गडगडते तिथे दर वेळी तिचे खांदे हलायचे. मी म्हटलं, त्याला पुन्हा लिहितो, पेटी आत्ताच पाठव म्हणून. तर तिने पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "न्हाय. त्येच्या हातानं आनू दे. गौरीपातूर मी ऱ्हाते." ती राहीन म्हणाली ते मी खरं धरलं. ती कधी शब्द मोडत नसे.

गौरी यंदा आपल्या घरात बसल्या नाहीत. बोटी सुरू झाल्या आहेत. पेटी पाठव. गोदू कुणाची हाक ऐकत नाही, धक्क्यावर जाऊन बसते.

मोरू

खारवाडी
१६ नोव्हेंबर १९६१

चि. कोंडाजी यास आशीर्वाद.

पेटी दिवाळीच्या आधीच मिळाली. तू सुपात ठेवून, वर फडकं शिवून पाठवलीस, ते सूप मी तसंच ठेवलं आहे. बरेच दिवस उघडायचा धीर झाला नाही. घरात वर्ष सरलेलं नाही, त्यात गाणं-बजावणं करायचं नाही, हे कारण पुढे करत होतो.

परवा संध्याकाळी ओहोटी होती, वारा पडला होता. गोदू धक्क्यावर होती. मी दारातून दोनदा ओरडलो, तिने मान वळवली नाही. तेव्हा पेटी उघडली, सेल घातले, पिकअप बसवला. गिटारीच्या तारा गंजल्या होत्या, तशाच जुळवल्या. मला ती हाक वाजवता येईल असं वाटत नव्हतं, कारण ती मी कधी वाजवलीच नव्हती, नुसती ऐकली होती. कांडी खालून वर नेली, थोडा थांबलो आणि उतरवली.

कोंडाजी, तू निवडलेली पेटी फार चांगली आहे. सूर जरासुद्धा फाटला नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. मग पायांचा आवाज ऐकू आला. पोरगी धक्क्यावरून पळत येत होती, बांधावरून, रचलेल्या शेणीच्या उडव्यामागून, आणि ओरडत होती, "आले गं आये, आले, आले." पडवीत आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. धाप लागलेली. माझ्याकडे बघितलं, गिटारीकडे बघितलं, आत चुलीकडे जाऊन आली. मला वाटलं रडेल. रडली नाही. पेटीपुढे उकिडवी बसली, सागाच्या फळीला गाल लावला आणि हळूच म्हणाली, "आनिक येकदा हाक मार." हे ती मला म्हणाली नव्हती.

बायजा कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "मोरूदादा, साल सरलं न्हाय, आन घरात वाजिवता?" मी म्हटलं, वाजवत नाही, पोरीला जेवायला बोलावतो आहे. ती डोळे पुसत गेली.

मी पुन्हा वाजवली नाही. माझ्या हातून होईना. हे मी पोरीचं भलं करतो आहे की तिला फसवतो आहे, ते मला कळत नाही. मेलेल्या आईच्या आवाजाने जिवंत पोराला बोलवावं का? तू सांगशील तसं करीन. सांगत असशील तर पेटी पुढच्या बोटीने परत धाडतो.

मोरू

मुंबई
२५ नोव्हेंबर १९६१

ती. दाजी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पेटी परत धाडू नका. आक्काने मला लिहिलं होतं, तिच्या आईचा आवाज म्हणजे हाच तिला आठवणार. तो तिला आठवू द्या. तुम्ही फसवत नाही. आक्का ज्याच्यासाठी शिकली होती तेच तुम्ही करता आहात. रोज तिन्हीसांजेला वाजवा. आधी पोर आईकडे धावेल, मग हळूहळू तिला कळेल की हाक आईची आहे आणि जेवायला वाढतो तो बाप आहे. तेवढं कळेपर्यंत वाजवा. सेल मी दर महिन्याला बोटीने पाठवत जाईन. सूप राहू द्या.

फक्त माझी एक विनंती आहे. पुढच्या गौरीला मी येईन, तेव्हा दिघीच्या धक्क्यावर उतरायच्या वेळी कृपा करून वाजवू नका. गोदूला त्या दिवशी हाताने धरून आणा. तुमचं पत्र वाचल्यापासून मी ट्रामच्या दांडीला धरून उभा असतो आणि ती हाक मला गर्दीतून ऐकू येते. खालून उठते, वर जाऊन थांबते, आणि माझे पाय उतरायला निघतात. एवढा मोठा झालो, पण त्या हाकेपुढे माझं काही चालत नाही, दाजी. धक्क्यावर ती ऐकली तर हातातलं सामान टाकून मीही गोदूसारखाच पळत सुटेन, आणि पडवीत तुम्ही असाल.

तुमचा,
कोंडू